हिरडा, पळस आणि काळे बूट

भंडारा जिल्ह्याची हवा चामड्यावर जराही दया दाखवत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो आणि दारं-खिडक्यांची लाकडंसुद्धा सुकून आवाज करू लागतात. मग मृग लागतो आणि पुढच्या चार महिन्यांत तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वैनगंगा दुथडी वाहते, गावोगावचे तलाव काठोकाठ भरतात, घरातल्या भिंतींना ओल येते. अशा हवेत जनावराचं ताजं कातडं उघडं ठेवलं तर किती टिकेल? एका दिवसात वास सुटतो, दोन-तीन दिवसांत केस आपोआप गळू लागतात, आणि आठवड्याभरात ते कातडं राहत नाही.

आता दाराशेजारचं चपलांचं कपाट उघडा. लग्नात घेतलेले काळे बूट तिथे आहेत. तेही कातडंच. तेच प्रथिन, तेच तंतू. त्यांनी किती उन्हाळे आणि किती पावसाळे पाहिले? नीट सांभाळले असतील तर पंधरा वर्षांनंतरही ते पायात घालून माणूस कचेरीत जातो. सडणं हाच ज्याचा स्वभाव, तो पदार्थ सडायचा कसा काय थांबला? आणि थांबला तो थांबला, वर लवचीक, मऊ आणि चमकदार कसा राहिला?

हे कोडं उलगडलं की बुटांना ब्रश मारण्याचं रोजचं काम एकदम वेगळं दिसू लागतं.

सुरुवात कातड्याच्या आतून करू. जनावराच्या कातडीचा मधला जाड थर जवळजवळ पूर्णपणे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा असतो. हेच प्रथिन आपल्या स्नायुबंधांत, हाडांत आणि त्वचेतही आहे. ते इतकं चिवट का असतं, हे बराच काळ कुणाला सांगता येत नव्हतं. ते सांगितलं मद्रास विद्यापीठात काम करणाऱ्या दोन भारतीयांनी. १९५४ साली जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात कोलॅजेनची रचना मांडली. त्यासाठी त्यांनी क्ष-किरणांखाली काय धरलं असेल? कांगारूच्या शेपटीतला स्नायुबंध! आणि हे सगळं चाललं होतं त्या विद्यापीठाच्या शेजारीच, १९४८ साली सुरू झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था उभी होती.

त्यांना काय दिसलं? एकमेकींभोवती पिळलेल्या तीन साखळ्या. पीळ इतका घट्ट की आतल्या बाजूला जागाच उरत नाही. म्हणून प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी निसर्गाला ग्लायसीनच बसवावं लागतं, कारण अमिनो आम्लांमध्ये सगळ्यात लहान तेच. दुसरं कुठलंही तिथे मावत नाही. हजाराच्या आसपास घटकांची साखळी, आणि दर तिसरी जागा राखीव! असे पिळलेले रेणू शेजारी शेजारी लागून सूक्ष्म तंतू होतात, तंतूंच्या जुड्या होतात आणि त्या जुड्या सगळ्या दिशांनी एकमेकींत गुंतून कातडं तयार होतं. कापडाला उभा-आडवा धागा असतो. कातड्यात तंतू वर-खाली, तिरपे, सगळीकडे धावतात. म्हणूनच बुटाचा पुढचा भाग दिवसाला हजारो वेळा मुडपला तरी उसवत नाही.

पण ही चिवट वीण ताज्या कातड्यात पाण्याने भिजलेली असते. ताज्या कातड्याचं साठ टक्क्यांहून जास्त वजन पाण्याचंच. जिवाणूंना आणखी काय हवं? शिवाय पाण्यातलं कातडं ६५ अंशांच्या आसपास तापलं की तिन्ही साखळ्यांचा पीळ सुटतो आणि ते आक्रसतं. आणखी उकळत ठेवलं तर चक्क विरघळतं आणि सुतार वापरायचे तो सरस तयार होतो. म्हणजे एकीकडे सडण्याची वाट, दुसरीकडे सरस होण्याची. या दोन्ही वाटा बंद करणारी वस्तू माणसाला सापडली कुठे? झाडांत.

एक वाळका हिरडा घ्या आणि दाढेखाली धरा. काही क्षणांत जीभ कोरडी पडते, गाल आत ओढल्यासारखे वाटतात. तोंडात काय झालं? हिरड्यात टॅनिन नावाची द्रव्यं भरपूर असतात, त्याच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश. ही द्रव्यं प्रथिन दिसलं की त्याला चिकटतात. तुमच्या लाळेत प्रथिनं असतात आणि त्यांच्यामुळेच तोंड बुळबुळीत, ओलसर वाटतं. टॅनिनने ती प्रथिनं पकडली, त्यांच्या गुठळ्या केल्या आणि बुळबुळीतपणा संपवला. तुरटपणा म्हणतात तो हाच. थोडक्यात, हिरडा चघळताना तुमच्या तोंडात कातडं कमावण्याची पहिली पायरी घडत असते!

झाडाने हे द्रव्य आपल्यासाठी केलेलं नाही. पानं, साल आणि फळं खायला येणाऱ्या किडीची नि जनावरांची खोड मोडावी म्हणून केलं. खाणाऱ्याच्या पोटातली प्रथिनं टॅनिन अडकवतं, पचन बिघडवतं आणि पुढच्या वेळी तो त्या झाडाकडे वळताना विचार करतो. माणसाने हेच शस्त्र उचललं आणि कातड्यावर चालवलं. टॅनिनचे रेणू कोलॅजेनच्या तंतूंमध्ये शिरतात, जिथे पाणी चिकटलं होतं तिथे स्वतः चिकटतात आणि शेजारच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतात. आता जिवाणू येतो, आपले पाचकरस सोडतो, पण त्यांना धरायला जागाच सापडत नाही. कातडं आक्रसण्याचं तापमानही ६५ वरून ७५-८० अंशांवर जातं. सडणारी वस्तू टिकाऊ झाली, आणि तीही एका फळाने.

हे सामान भंडाऱ्याला कुठून आणावं लागणार? कोका अभयारण्याच्या आसपासच्या जंगलात ऐन आहे. ऐन, हिरडा आणि बेहडा हे तिघं एकाच कुळातले भाऊ आणि तिघांतही टॅनिन. भाताच्या बांधीच्या धुऱ्यावर बाभूळ उभी असते, तिची साल तर कातडं कमावणाऱ्यांची जुनी सोबतीण. ब्रिटिश काळात युरोपातल्या चामड्याच्या कारखान्यांसाठी भारतातून हिरड्याची पोतीच्या पोती जहाजांनी जात. व्यापारी त्याच्या प्रती गावांच्या नावाने ओळखत. त्यात जबलपूर होतं, भीमुनिपट्टणम होतं आणि आपलं वेंगुर्लंही होतं. इंग्लंडातल्या कुणा साहेबाच्या बुटात मध्य प्रांताच्या रानातला हिरडा मुरलेला असायचा!

कोल्हापुरी चपलेचं चामडं याच पद्धतीने तयार होतं. चुन्याने केस काढलेलं कातडं पिशवीसारखं शिवतात, ते उंचावर टांगतात आणि त्यात बाभळीची साल व हिरड्याचं पाणी भरतात. पाणी कातड्यातून झिरपत खाली ठिबकतं, ते गोळा करून परत वर ओततात. झिरपणाऱ्या प्रत्येक थेंबाबरोबर टॅनिन आणखी आत जातं. काम पुरं झालं हे कसं ओळखायचं? रापीने कड छाटायची आणि छेद बघायचा. मधोमध पांढरट रेघ दिसली तर रस अजून गाभ्यापर्यंत पोचलेला नाही. आरपार एकच तपकिरी रंग दिसला की झालं. प्रयोगशाळा नाही, तापमापक नाही, पण निदान अचूक.

हे रसायन ज्यांनी साधलं त्यांची नावं कुठल्याही ग्रंथात नाहीत. महाराष्ट्रात कातडं कमावण्याचं काम ढोर समाजाने आणि पादत्राणं घडवण्याचं काम चर्मकार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केलं. ज्या हातांनी गावाच्या पायांना काट्यापासून वाचवलं, त्यांच्या घरांना गावाने वेशीबाहेर ठेवलं. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन चपलेला मिळालं खरं, पण त्यामागचं ज्ञान या माणसांचं आहे, हे प्रत्येक वेळी म्हणायला हवं.

आता तुमच्या काळ्या बुटांकडे येऊ. त्यांचं वरचं चामडं बहुधा हिरड्याने कमावलेलं नसेल. १८८४ साली न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झने क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याचं पेटंट घेतलं आणि जग बदललं. झाडाच्या सालीला आठवडे किंवा महिने लागत. इंग्लंडात ओकच्या सालीत तळव्याचं जाड चामडं वर्षभर मुरवत. क्रोमियमने तेच काम एका दिवसावर आणलं. ते कातडं निळसर दिसतं आणि उकळत्या पाण्यातही आक्रसत नाही. आज जगातल्या बहुतेक बुटांचं वरचं कातडं क्रोमियमचं असतं, कारण ते पातळ, मऊ आणि पाण्याला जास्त दाद न देणारं. पण उत्तम बूट उलटा करून पाहा. तळवा आणि पायाखालचा आतला थर अजूनही झाडाच्या रसात कमावलेला असतो, कारण तो घट्ट असतो, घाम पितो आणि हळूहळू तुमच्या पावलाचा आकार घेतो. म्हणजे एकाच बुटात दोन युगं शेजारी शेजारी शिवलेली आहेत.

इथवर कातडं सडायचं थांबलं. पण एवढ्यावर सोडलं तर ते वाळून पुठ्ठ्यासारखं ताठ होईल. का? पाणी उडून जाताना ओले तंतू एकमेकांकडे ओढले जातात आणि एकमेकांना चिकटून बसतात. मग कातडं मुडपलं की तंतू सरकत नाहीत, तुटतात. ती तूट म्हणजेच बुटावरची भेग. तंतूंनी सरकत राहावं म्हणून त्यांच्यामध्ये काहीतरी निसरडं लागतं. म्हणून कमावल्यानंतर कातड्याला तेल-चरबी पाजतात. बुटाचा मऊपणा म्हणजे तंतूंच्या मधे बसलेला हा स्निग्धाचा पातळ थर. वापरात तो हळूहळू कमी होतो, आणि बुटाला क्रीम लावायचं ते एवढ्यासाठी, गेलेला थर परत भरण्यासाठी.

यासाठी जुन्या काळापासून नावाजलेलं एक तेल आहे. ते गाईगुरांच्या खुरांच्या वरच्या नळीच्या हाडांतून निघतं. त्याच गाईच्या पोटाजवळची चरबी थंडीत दगडासारखी गोठते, पण पायातलं हे तेल पातळच राहतं. एकाच जनावरात दोन प्रकारची चरबी कशासाठी? विचार करा, थंडीच्या रात्री गाय उभी असते तेव्हा तिच्या पोटाजवळ ३८ अंशांची ऊब असते, पण पायाचं टोक गार जमिनीवर असतं. तिथली चरबी गोठली असती तर गाईला पाऊल उचलता आलं नसतं. म्हणून पायाच्या खालच्या टोकाकडे निसर्गाने न गोठणारी चरबी भरली. थंडीतही वाहती राहणारी ही चरबी चामड्याच्या तंतूंमध्येही वाहती राहते!

मग घरातलं कुठलंही तेल का चालू नये? इथे भंडाऱ्याच्याच शेतातला एक धडा आहे. भाताच्या मागून बांधीत जवस घेतात. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, त्याचा कडक पापुद्रा बनतो. सुताराच्या लाकडाला ते वरदान. जुन्या काळी चकाकणारं ‘पेटंट’ लेदर करायला कातड्यावर जवसाच्या तेलाचेच थर चढवत. पण नेहमीच्या बुटाला ते मऊ करायला म्हणून चोळलं तर काही महिन्यांत बूट ताठ होणार. खोबरेल तेलाची अडचण वेगळी. ते पंचवीस अंशांच्या खाली गोठू लागतं आणि डिसेंबर-जानेवारीत भंडाऱ्याच्या पहाटे त्याहून पुष्कळ गार असतात. करंजाच्या बियांचं तेल मात्र असं वाळत नाही, म्हणून देशी चामड्याच्या कामात त्याला जुनं स्थान आहे. चांगल्या बुटांसाठी दुकानातलं साधं बिनरंगी क्रीम सगळ्यात बरं, आणि तेही बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. जास्त पाजलं की तंतू ढिले पडतात आणि बूट आकार सोडतो.

एक गंमत करून पाहा. पावसाळ्यानंतर कपाटातून बूट काढले आणि त्यांच्यावर पांढरं काही दिसलं, तर ते काय आहे? तीन शक्यता आहेत. केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा थोडी लांबून सोडा. पांढरेपणा वितळून नाहीसा झाला तर ती आतून वर आलेली चरबी होती. ओल्या फडक्याने पुसताच विरघळला तर ते घामाचं मीठ होतं. आणि दोन्ही केलं तरी लव असल्यासारखं काही उरलं, नाकाला कुबट वास आला, तर ती बुरशी. तिन्ही पांढऱ्या, पण तिघींची कहाणी वेगळी!

घामाचा विषय निघालाच आहे, तर तोही पाहू. दोन्ही पावलांत मिळून सुमारे अडीच लाख घामाच्या ग्रंथी असतात. दिवसभर बंद बुटात त्या काम करत राहतात. तो घाम जातो कुठे? रेक्झिनचा बूट तो आतच साठवतो. चामडं मात्र वाफ पिऊन घेतं आणि सावकाश बाहेर सोडतं, कारण त्याचे तंतू पाण्याला अजूनही जागा देतात. कोरड्या वाटणाऱ्या चामड्यातही वजनाच्या बारा ते सोळा टक्के पाणी असतं. पण घेतलेली ओल सोडायला त्याला वेळ लागतो. म्हणून एकच जोड रोज घालू नका. एक दिवस वापरा, एक दिवस विसावा द्या. दोन जोड आलटून पालटून घातले तर ते एकामागून एक झिजवलेल्या दोन जोडांपेक्षा जास्त चालतात.

आणि विसावा देताना आत काहीतरी भरा. ओलसर बूट रिकामा वाळला तर मुडपलेल्या ठिकाणी सुरकुत्या तशाच कायम होतात. लाकडी साचा उत्तम, नाहीतर वर्तमानपत्राचे बोळे. ही युक्ती किती जुनी असेल? आर्मेनियातल्या आरेनी गावाजवळच्या एका गुहेत २००८ साली एक चामड्याचा बूट सापडला. तो निघाला सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा. एकाच कातड्याच्या तुकड्याचा, पुढे-मागे वादीने आवळलेला आणि आत गवत भरलेला! पायाला ऊब मिळावी म्हणून ते गवत होतं की बुटाचा आकार राहावा म्हणून, यावर अभ्यासकांनी दोन्ही मतं मांडली आहेत. त्याच्यावर मेंढ्यांच्या लेंड्यांचा जाड थर बसला होता, आणि गुहेतल्या कोरड्या गारव्याने त्याला जपलं होतं.

आपल्याकडे कोरडा गारवा कुठला! इथे जुलैतल्या एखाद्या सरीत बूट चिंब होतो आणि पहिला विचार येतो तो चुलीजवळ किंवा उन्हात ठेवण्याचा. इथेच घात होतो. झाडाच्या रसात कमावलेला तळवा ओला असताना ७५-८० अंशांवर आक्रसतो, हे आपण वर पाहिलं. चुलीच्या जवळ तेवढी धग सहज मिळते. वरचं क्रोमियमचं चामडं तेवढ्याने आक्रसणार नाही, पण बाहेरचा थर आधी वाळून ओढला जातो, आतला ओलाच राहतो, आणि दोघांच्या ओढाताणीत कातडं तडकतं. म्हणून चिखल ओल्या फडक्याने पुसा, आत कागद भरा, तो भिजला की बदला आणि बूट सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, आडवा ठेवा. आडवा का? तळव्याला खालूनही हवा लागते. पुरता वाळला की लगेच क्रीम द्या, कारण याच वेळी तंतू एकमेकांना चिकटायला टपलेले असतात.

बुरशीचे बीजकण तर हवेत सदाच असतात. सत्तर टक्क्यांच्या वरची आर्द्रता आणि थोडी चरबी किंवा घाम मिळाला की ते रुजतात, आणि भंडाऱ्याचा श्रावण त्यांना दोन्ही देतो. बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणं म्हणजे ओल आत कोंडून त्यांची सोय करणं. कापडी पिशवी वापरा, कपाटाचं दार अधूनमधून उघडं ठेवा. बुरशी आलीच तर बूट घराबाहेर नेऊन पुसा, मग पाणी मिसळलेल्या व्हिनेगरचा बोळा फिरवा आणि सावलीत वाळू द्या.

आता राहिली चमक, आणि इथे सगळ्यात देखणं विज्ञान आहे. काळ्या पॉलिशच्या डबीत काय असतं? मुख्यतः मेण, ते पातळ करणारं टर्पेंटाइनसारखं द्रव्य आणि रंग. मग मेणाने चामडं चमकतं कसं? भंडाऱ्यात रोवणीच्या आधी भाताची बांधी पाहिली असेल. नांगरलेली कोरडी बांधी ढेकळांनी भरलेली असते, तिच्यावरचं ऊन वाटेल तिकडे फेकलं जातं आणि ती मातकट दिसते. तीच बांधी पाण्याने भरली की ढेकळं खाली जातात, पृष्ठभाग सपाट होतो आणि आख्खं आभाळ तिच्यात उतरतं. माती तीच, ऊन तेच. बुटावर अगदी असंच घडतं. चामड्याच्या पृष्ठभागावर केसांच्या मुळांची सूक्ष्म छिद्रं आणि खाचखळगे असतात. मेण ते भरून काढतं, टर्पेंटाइन उडून जातं, आणि ब्रशच्या घासण्याने मेण सपाट होतं. चमक पॉलिशच्या डबीत नसतेच, ती सपाटपणात असते! पॉलिश थापून लगेच पाय घालणाऱ्याचे बूट चमकत नाहीत ते याच कारणाने. दहा मिनिटं थांबा, द्रव्य उडू द्या, मग ब्रश फिरवा.

१५ ऑगस्टच्या परेडला पोलिसांच्या बुटाच्या टोकात आभाळ दिसतं, ते याच तत्त्वावर. बोटाला गुंडाळलेल्या फडक्यावर इवलंसं पॉलिश, त्यावर पाण्याचा एक थेंब, आणि छोटी छोटी वर्तुळं. पाणी कशाला? मेण आणि पाणी मिसळत नाहीत. थेंबामुळे फडकं खालच्या मेणाला न ओढता त्याच्यावरून सरकतं, आणि थरावर थर चढत जातो. पण हा आरसा फक्त टोकाला आणि टाचेला करावा. तिथे आत कडक अस्तर असतं, चामडं मुडपत नाही. बोटांच्या सांध्याशी जाड मेण चढवलं तर पहिल्या पावलालाच त्याला तडे जातील.

आणि हे मेण येतं कुठून? मधमाशीचं मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं. कामकरी माशी ते आपल्या पोटाखालच्या ग्रंथींतून पापुद्र्यांच्या रूपाने बाहेर काढते. त्याहून कडक मेण ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या मुलखातल्या कार्नाउबा ताडाचं. तो ताड उन्हात पाणी उडू नये म्हणून आपल्या पानांवर मेणाचा थर देतो. ते ८२ अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून मे महिन्यात तापलेल्या मोटारीत राहिलेल्या बुटावरची चमकही त्याच्यामुळे टिकते. सातासमुद्रापलीकडच्या झाडाने उन्हाशी झुंजायला तयार केलेलं चिलखत आपण भंडाऱ्याच्या उन्हात पायावर वागवतो.

पण परदेशी कशाला जा! भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात पळसाच्या फांद्यांवर लाखेचा किडा राहतो. जन्मतो तेव्हा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, लालसर, आणि तेव्हा तो चालत असतो. कोवळी फांदी सापडली की सोंड आत खुपसतो, रस पिऊ लागतो आणि अंगातून राळ सोडत स्वतःभोवती कवच उभारतो. मादी त्या कवचातून पुन्हा कधीच बाहेर पडत नाही. शेजारी शेजारी बसलेल्या हजारो किड्यांची कवचं जुळून फांदीवर लाखेचा जाड थर होतो. तो खरवडून, धुऊन, गाळून शेलॅक बनतं. चामड्यावर शेवटचा चकाकता हात द्यायला ते जुन्या काळापासून वापरलं जातं. औषधाच्या गोळ्यांवर आणि चॉकलेटवरही तेच चकाकतं! रांचीजवळ नामकुमला १९२४ साली या एका किड्याच्या अभ्यासासाठी संशोधन संस्था सुरू झाली.

सगळं मिळून चामडं किती टिकू शकतं? ‘मेटा कॅटरिना’ नावाचं जहाज रशियातून रेनडिअरची कमावलेली कातडी घेऊन इटलीकडे निघालं होतं. डिसेंबर १७८६ मध्ये ते इंग्लंडच्या प्लिमथ बंदराजवळ वादळात बुडालं. १९७३ साली पाणबुड्यांना ते सापडलं. समुद्रतळाच्या चिखलात ही कातडी जवळजवळ दोन शतकं पडून होती. वर काढली, स्वच्छ केली, वाळवली, पुन्हा तेल दिलं, आणि लंडनच्या कारागिरांनी त्यांचे बूट शिवले. माणसांनी ते पायात घातले! विलोच्या सालीतलं टॅनिन आणि बर्चचं तेल, एवढ्या भांडवलावर ती कातडी समुद्राच्या तळाशी तगली होती.

आणि आपण? चांगला बूट दोन वर्षांत टाकून देतो. त्याचं चामडं संपलेलं नसतं, फक्त स्निग्ध सुकलेलं असतं आणि तळवा झिजलेला असतो. तळवा चांभारदादा बदलून देतात. आरीने भोक, मेण लावलेला दोरा, दोन्ही बाजूंनी टाका, आणि वरचं कातडं पुन्हा काही वर्षं चालू लागतं. बाकीचं काम तुमचं. रोज घरी आल्यावर धूळ झटकायची, कारण धुळीचे बारीक कण मुडपलेल्या जागी तंतू कापत राहतात. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसून क्रीम द्यायचं, मुरू द्यायचं, मग पॉलिश आणि ब्रश. सगळं मिळून अर्धा तास.

कातडं कमावण्याचं काम कारखान्यात सुरू होतं, पण तिथे ते संपत नाही. पाणी आत येत राहतं, तेल बाहेर जात राहतं, तंतू चिकटायला बघत राहतात. पहिली पायरी हिरड्याने किंवा क्रोमियमने केली, दुसरी तेलाने, तिसरी मेणाने. त्यापुढची प्रत्येक पायरी बूट घालणाऱ्याच्या हातची आहे. दर महिन्याला तुम्ही फडकं हातात घेता तेव्हा हजारो वर्षं चालत आलेलं हे काम तुम्ही पुढे चालवता, आणि तुमचा बूट पुढच्या पावसाळ्याला तयार होतो.